तिसाव्या वर्षाआधीचा मधुमेह

२०२१ च्या जून महिन्यात मुंबईच्या वृत्तपत्रांत एक बातमी आली आणि करोनाच्या रोजच्या आकड्यांखाली दोन दिवसांत गाडलीही गेली. काळ्या बुरशीमुळे तीन मुलांचा एकेक डोळा गेल्याची ती बातमी होती. त्यांपैकी दोन मुले अगदी लहान, चार आणि सहा वर्षांची. त्यांना मधुमेह नव्हता. तिसरी मुलगी चौदा वर्षांची आणि मधुमेही. रुग्णालयात दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत तिचा डोळा काळा पडला. सहा आठवडे उपचार चालले, बुरशी मेंदूपर्यंत पोचली नाही म्हणून जीव वाचला, डोळा मात्र गेला. याच सुमारास सोळा वर्षांची आणखी एक मुलगी आली. करोना होण्यापूर्वी ती धडधाकट होती. करोनातून उठली ती मधुमेह घेऊनच, आणि बुरशीने तिच्या जठराजवळच्या रक्तवाहिन्या धरल्या होत्या.

या मुली मुंबईत होत्या. तिथे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते, नेत्रशल्यविशारद होते, बुरशी ओळखणारी प्रयोगशाळा होती. एवढे सारे हाताशी असूनही चौदा वर्षांच्या मुलीचा डोळा वाचला नाही. तेव्हा जिथे यांपैकी काहीच नाही तिथल्या मुलामुलींचे काय, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही. करोना ओसरल्यावर तर तो विचारण्याचे निमित्तही उरले नाही.

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातील गाव, बुलढाणा जिल्ह्याच्या भाषेत 'घाटाखालचे'. कापूस, मका, सोयाबीन, तूर यांचा हा मुलूख. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर राजूर घाट चढावा लागतो. त्यापुढची शस्त्रक्रिया हवी असेल तर आजवर अकोला, जळगाव किंवा औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, यांपैकी कुठल्या तरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागत आली आहे. २०२४ मध्ये ज्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली त्यांत बुलढाण्याचेही नाव आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु महाविद्यालयाची पाटी लागणे आणि मध्यरात्री आलेल्या मुलाच्या नाकातील मृत ऊतीचा तुकडा काढून तासाभरात तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूस जागेवर असणे, या दोन घटनांत आपल्याकडे बरीच वर्षे जातात.

अशा गावात मुलाला मधुमेह होतो तेव्हा प्रथम काय घडते? मूल सारखे पाणी मागते. रात्री चार वेळा उठते. अंथरूण ओले करण्याचे वय मागे पडलेले असूनही पुन्हा अंथरूण ओले करू लागते. खाणे वाढते आणि अंग मात्र झडत जाते. लघवीला मुंग्या लागतात. हे लक्षण तर आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकारांनाही ठाऊक होते. घरातले म्हणतात, उन्हाळा आहे, पोरगे पाणी पिणारच. शिक्षक म्हणतात, तासाला बसायचा कंटाळा आहे. मग एके दिवशी उलट्या सुरू होतात, पोट दुखते, श्वास जोरात चालू लागतो. कुणी त्याला न्यूमोनिया म्हणतो, कुणी गॅस्ट्रो, कुणी मलेरिया. बाजाराच्या गावातला डॉक्टर सलाईन लावतो, आणि ते ग्लुकोजचे असले तर आधीच साखरेने भरलेल्या रक्तात आणखी साखर जाते. त्यासोबत 'ताकदीचे' म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले तर साखर आणखी चढते आणि शरीराचा प्रतिकारही खचतो. या डॉक्टरला दोष देणे सोपे आहे. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेण्याची सवय लहान मुलांच्या बाबतीत त्याला कुणी लावलेलीच नाही.

इन्सुलिनच्या अभावी शरीर साखर वापरू शकत नाही आणि चरबी जाळू लागते. त्यातून जी आम्ले साठतात त्यांनी रक्त आंबते. वैद्यकात या अवस्थेला कीटोॲसिडोसिस म्हणतात. ती स्वतःच प्राणघातक आहे, आणि बुरशीला हवी असलेली भूमी ती अनायासे तयार करून देते. म्युकर वर्गातील बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतात: शेणखताच्या उकिरड्यावर, कुजलेल्या पाल्यात, मातीत, शिळ्या पावावर. शेतावर राहणारा प्रत्येक माणूस ते रोज श्वासावाटे घेतो आणि त्याला काहीही होत नाही. निरोगी रक्तात लोह प्रथिनांशी घट्ट बांधलेले असते. रक्त आम्लधर्मी झाले की ते सुटते, आणि ही बुरशी लोहाची भुकेली असते. एरवी तिला गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी साखर आणि आम्ल यांच्या माऱ्याने मंदावलेल्या असतात. मग बुरशी नाकाच्या पोकळीतून गालाच्या हाडात, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि शेवटी मेंदूत शिरते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडून आत वाढते, रक्तप्रवाह तुंबतो, आणि ज्या भागाला रक्त मिळत नाही तो मरून काळा पडतो. 'काळी बुरशी' हे वर्तमानपत्रांनी रूढ केलेले नाव म्हणूनच फसवे आहे. बुरशी काळी नसते, मेलेले मांस काळे असते. औषध रक्तातून जाते. जिथे रक्तच पोचत नाही तिथे औषध कसे पोचणार? म्हणून शस्त्रक्रियेने मृत भाग खरवडून काढणे अटळ ठरते, आणि त्या मृत भागात कधी टाळू असतो, कधी जबडा, कधी डोळा.

हा रोग करोनाने जन्माला घातलेला नाही. १८८५ साली पाल्टाउफ या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले होते. भारतात तर तो करोनापूर्वीही जगाच्या मानाने कितीतरी अधिक होता. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांचा अंदाज जागतिक प्रमाणाच्या सुमारे सत्तर पटींचा आहे. २०१६-१७ मध्ये देशातील बारा केंद्रांतील ४६५ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ७३.५ टक्के मधुमेही होते आणि नव्वद दिवसांच्या आत ५२ टक्के दगावले. २०२१ च्या जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची आणि चार हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. त्यांत ९ हजारांवर रुग्ण एकट्या महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. यांत मुलांचा वाटा लहान होता हे खरे. मधुमेही मुलांमध्येही हा आजार विरळाच. 'विरळ' हा शब्द मात्र अर्थसंकल्प मांडणाऱ्यांच्या फार सोयीचा असतो, हेही विसरता कामा नये.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार वीस वर्षांखालील टाइप १ मधुमेहाचे २ लाख २९ हजारांहून अधिक रुग्ण भारतात आहेत. जगातील कुठल्याही देशापेक्षा ही संख्या मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. साधे त्रैराशिक मांडले तरी या जिल्ह्यात अशी चारशेच्या आसपास मुले असावीत. त्यांची नावनिशीवार यादी कोणत्या कार्यालयात आहे? मोताळा तालुक्यातील किती, धामणगाव बढे परिसरातील किती, हे जिल्हा परिषदेच्या कोणत्या वहीत लिहिलेले आहे? आणि हा हिशेब जिवंत मुलांचा आहे. जी मुले निदान होण्याआधीच 'तापाने' किंवा 'जुलाब-उलट्यांनी' गेली, ती कुठल्याच रकान्यात नाहीत.

ही मुले कुठे हरवतात याचा शोध घेतला तर शासकीय कागदांतच उत्तर सापडते. मधुमेह आणि तत्सम आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्यातील तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून होते. दुसरीकडे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली याच महाराष्ट्रात, पालघर येथे सुरू झाला. शाळाशाळांतून फिरणाऱ्या त्याच्या पथकांसाठी तीस आजारांची आणि व्यंगांची मूळ यादी केली गेली. तिच्यात दातांची कीड आहे, कानाचा संसर्ग आहे, मधुमेह नाही. मधुमेहाचा कार्यक्रम म्हणतो, तू अजून लहान आहेस. मुलांचा कार्यक्रम म्हणतो, तुझा रोग मोठ्यांचा आहे. दोन खात्यांच्या दोन तिसांच्या मधल्या फटीत नऊ वर्षांचे मूल उभे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, त्यांतही त्याला जागा नाही.

खर्चाचा हिशेब मांडला की या व्यवस्थेचे अर्थशास्त्र उघडे पडते. वीस किलो वजनाच्या मुलाला दिवसाला पंधरा ते वीस युनिट इन्सुलिन लागते असे धरू. किंमत-नियंत्रणाखालील मानवी इन्सुलिनच्या कुपीत चारशे युनिट असतात आणि ती दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळते. म्हणजे औषधाचा महिन्याचा खर्च तीनशे रुपयांच्या घरात. साखर तपासण्याच्या पट्ट्या मात्र दिवसाला चार लागतात. एका पट्टीला पंधरा-वीस रुपये धरले तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास. औषधापेक्षा मोजमाप महाग, अशी ही विचित्र स्थिती आहे. परिणामी शेतमजुराच्या घरी इन्सुलिन अंदाजाने टोचले जाते. २०२५ च्या सप्टेंबरात पट्ट्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वीस रुपयांच्या पट्टीवर रुपया-सव्वा रुपया वाचला.

आता दुसरी बाजू पाहा. हेच मूल बुरशीच्या तावडीत सापडले तर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध किलोमागे किमान ५ मिलिग्रॅम रोज द्यावे लागते. वीस किलोंना १०० मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास मिलिग्रॅमच्या दोन कुप्या रोज. २०२१ च्या मे महिन्यात एका कुपीची बाजारातील किंमत सात हजार रुपये सांगितली जात होती. चार आठवड्यांच्या ५६ कुप्यांचे ३ लाख ९२ हजार रुपये होतात. शस्त्रक्रिया, अतिदक्षता कक्ष आणि आईबापांचा बुडालेला रोज यांचा हिशेब वेगळा. तीन लाख ९२ हजार रुपयांत त्याच मुलाचे इन्सुलिन आणि पट्ट्या चौदा वर्षे पुरल्या असत्या.

खाजगी कुटुंबाने असा उफराटा हिशेब केला तर त्याला अज्ञान म्हणतात. शासनाने केला की त्याला योजना म्हणतात. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचा समावेश झाला, आणि तो अगत्याचाच होता. २०२३ मध्ये याच योजनेचे संरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णयही झाला. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्याची आहे. डोळा काढण्याचे पैसे ती देते. डोळा राखण्यासाठी घरी रोज लागणारी सुई आणि पट्टी तिच्या चौकटीत बसत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले, हे खरे. पण निःशुल्क असणे आणि दर महिन्याला न चुकता असणे या भिन्न गोष्टी आहेत. उच्च रक्तदाबाच्या गोळीत चार दिवसांचा खंड पडला तर माणूस बहुधा निभावून नेतो. टाइप १ मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिनवाचून चार दिवस म्हणजे रक्त आंबण्याचे निमंत्रण.

शासनाला काही करता येत नाही असे मुळीच नाही. २०२१ ने ते सिद्ध केले. औषधाचा तुटवडा होताच वर्ध्याच्या एका छोट्या कारखान्यात काही आठवड्यांत ॲम्फोटेरिसिनचे उत्पादन सुरू झाले आणि कुपीची किंमत १,२०० रुपये जाहीर झाली. लायपोसोमल प्रकार आणि वर्ध्याचा इमल्शन प्रकार तंतोतंत एक नव्हेत. तरीही सात हजार आणि बाराशे यांमधील दरी बरेच काही सांगून जाते. वस्तू व सेवा कर परिषदेने जूनमध्ये या औषधावरील कर शून्यावर आणला. ही सवलत आधी सप्टेंबरपर्यंत होती, पुढे २०२१ च्या अखेरीपर्यंत वाढली आणि मग संपली. बुरशीने त्या तारखेची दखल घेतलेली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची जी पहिली अग्रक्रम-यादी प्रसिद्ध केली, तिच्यात म्युकर वर्गाला वरच्या गटात स्थान आहे.

इन्सुलिनची कहाणी तर याहून बोलकी आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोच्या रुग्णालयात ज्याला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले तो लेनर्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता आणि धर्मादाय विभागात दाखल झालेला होता. पुढच्या वर्षी संशोधकांनी आपले स्वामित्वहक्क टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. आज जगाच्या इन्सुलिन-बाजाराचा बहुतांश भाग तीन कंपन्यांच्या हाती आहे, आणि त्यांच्यापैकी एका डॅनिश कंपनीने २०२५ मध्ये पेनमधून टोचायची मानवी इन्सुलिने भारतातून मागे घेण्याचे ठरवले. कुप्या मिळत राहतील. पण शाळेत जाणाऱ्या मुलाला कुपी आणि सिरिंज सांभाळण्यापेक्षा पेन सोपे असते, हे कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

बुलढाणा जिल्ह्याकडे दिल्लीचे लक्ष वळत नाही असेही कुणी म्हणू नये. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस पुंजक्यांनी गळू लागले, तेव्हा प्रथम बुरशीचा संशय आला आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक थेट गावांत दाखल झाले. ते योग्यच झाले. टक्कल एकाच वेळी शंभरांना पडले की दिसते. मधुमेही मूल गावागणिक एखादे असते आणि एकेकटेच मरते, म्हणून त्याच्यासाठी पथक येत नाही.

मग व्हावे काय? यासाठी फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. इटलीतील पार्मा प्रांतात नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुले कीटोॲसिडोसिसच्या अवस्थेत रुग्णालयात येत. १९९१ पासून तिथल्या शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांकडे एक भित्तिपत्रक लावले गेले: मूल फार पाणी पिते का, फार लघवीला जाते का, कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा अंथरूण भिजवते का. बालरोगतज्ज्ञांना साखर मोजण्याचे यंत्र दिले गेले. १९९१ ते १९९७ या काळात हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. केरळने २०१८ मध्ये 'मिठाई' या नावाने मधुमेही मुलांसाठी राज्याची योजना सुरू केली. विदर्भातच नागपूरचा ड्रीम ट्रस्ट १९९० च्या दशकापासून गरीब मुलांना मोफत इन्सुलिन देत आला आहे. अशा संस्थांविषयी आदर बाळगूनही म्हटले पाहिजे की, ट्रस्टच्या दारापर्यंत पोचणारे मूल आधीच भाग्यवान असते. त्याचे निदान झालेले असते आणि त्याच्या बापाकडे नागपूरच्या भाड्याचे पैसे असतात.

मुलींचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडायला हवा. मधुमेहात कँडिडा नावाच्या सौम्य बुरशीचा त्रास लवकर सुरू होतो: तोंडात पांढरा थर, जांघेत न जाणारा पुरळ, मुलींना लघवीच्या जागी खाज. ही बुरशी जीव घेत नाही. उलट ती मधुमेहाची आगाऊ सूचना देते. पण दहा-बारा वर्षांची मुलगी ही गोष्ट आईलाही संकोचाने सांगते आणि आई ती कुणालाच सांगत नाही. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना एवढे एक वाक्य शिकवले पाहिजे की, अशी खाज परत परत आली तर मुलीची साखर तपासा. शिवाय इन्सुलिन आयुष्यभर टोचावे लागणार आणि मुलीचे लग्न व्हायचे आहे, या दोन वाक्यांच्या मध्ये किती मुलींचे डोस चुकतात याची नोंद कुठल्याच सर्वेक्षणात होत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी शीतपेटी असते. तिच्यात दुसरे औषध ठेवू नये असा नियम आहे आणि तो मोडण्याचे कारण नाही. इन्सुलिनसाठी वेगळा लहान फ्रीज घेता येतो, त्याची किंमत ॲम्फोटेरिसिनच्या दोन कुप्यांहून अधिक नसते. घरात फ्रीज नसलेल्या कुटुंबाला ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात कुपी कशी सांभाळावी हे दाखवून देता येते. घाटाखालच्या मे महिन्यात त्याची गरज पडतेच. मधुमेही मुलाच्या एका बाजूचे नाक चोंदले, गालावर सूज आली, पापणी खाली झुकली, टाळूवर काळा डाग दिसला किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर वाट न पाहता त्याला थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे, असा लेखी आदेश प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर असला पाहिजे. मधल्या प्रत्येक थांब्यावर चिठ्ठी लिहिण्यात जाणारे तास डोळ्याच्या हिशेबातून वजा होत असतात. आणि पार्म्याचे भित्तिपत्रक मराठीत आणायचे झाल्यास त्यात मुंग्यांचा उल्लेख जरूर करावा. धामणगाव बढेच्या शाळेत ते लागले तर रक्तशर्करा, कीटोॲसिडोसिस हे शब्द कुणी वाचणार नाही. अंगणातल्या लघवीला लागलेल्या मुंग्या मात्र तिथल्या प्रत्येक आजीने पाहिलेल्या असतात.